फ्लॉपीच्या कपाळाला कुंकू

जळगावजवळच्या पिंप्राळ्यातल्या शशिकला चौधरी कम्प्युटरमध्ये संशोधन करतात, ही बातमी पसरली तेव्हा गल्लीला पहिला प्रश्न पडला तो असा, की बाईंचं हरवलंय तरी काय? समोरच्या कुंदाबाईंनी तर सरळ येऊन विचारलं, "सापडलं का हो?" शशिकला हसून म्हणाली, "सापडेल, सापडेल. चहा घ्या." चहा घेता घेता तिनं कुंदाबाईंना एवढं काही समजावून सांगितलं, की कुंदाबाईंनी परत म्हणून तो विषय काढला नाही.

एक्याण्णव सालची गोष्ट आहे ही. जळगावात तेव्हा कम्प्युटर पाहिलेली माणसं थोडी, आणि त्याला हात लावलेली त्याहून थोडी. शशिकला एका कॉलेजात गणित शिकवायची, तेही तात्पुरत्या नेमणुकीवर. अंगानं बारीक, पण चालायला लागली की बरोबरच्याला पळावं लागे, आणि बोलायला लागली की समोरच्याला दम घ्यायची चोरी. तिनं धुळ्याच्या एका संस्थेत संशोधनाच्या एम.एस्सी.ला नाव घातलं होतं. साध्या एम.एस्सी.त वर्गात बसायचं, पेपर द्यायचे, सुटायचं. इथं पेपरच नाहीत. आपणच एक प्रश्न धरायचा, तो कम्प्युटरकडून सोडवून घ्यायचा, त्यावर प्रबंध लिहायचा, आणि बाहेरगावचा परीक्षक आला की त्याच्यापुढं ते सगळं चालवून दाखवायचं.

"पेपर नाही, तर पास कशी होशील व?" सासूबाई वच्छलाबाईंनी विचारलं होतं.

"मी काय केलं ते त्यांना पटलं की झाले पास, आत्याबाई."

"आन् नाही पटलं तं?"

"मग घरी बसून पापड लाटीन."

"तुले पापड कुठं लाटता येतात?" वच्छलाबाई म्हणाल्या. म्हणजे हा मार्ग बंदच होता.

घरात माणसं तीन. शशिकला, तिचा नवरा भाईदास आणि वच्छलाबाई. भाईदास एस.टी.त कंडक्टर, आणि नशीब असं की त्याची ड्यूटी बहुतेक जळगाव–धुळे गाडीवरच लागायची. शनिवारी सकाळी शशिकला त्याच्याच गाडीत बसे. एरंडोल, पारोळा करत गाडी धुळ्याला पोहोचेपर्यंत मांडीवर कागद घेऊन प्रोग्रॅम लिही. भाईदास पंच वाजवत तिच्यापाशी आला की तिलाही तिकीट घ्यायला लावी. म्हणे, "बायको असशील घरी. इथं तपासनीस चढला तर माझी नोकरी जाईल." ती सुट्टे पैसे मोजून देई आणि उरलेलं तोंड वाकडं करून वसूल करी.

धुळ्याच्या कम्प्युटर केंद्राचा थाट काय सांगावा! दाराबाहेर चपला काढायच्या. आत थंडगार, कारण यंत्राला उकाडा सोसत नाही. खानदेशात मे महिन्यात माणसं भाजून निघत, पण यंत्रं गारव्यात झोपलेली, वर कापडी झूल पांघरून. शशिकलाला ते सगळं फार आवडायचं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायला लागली की तिच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. चूक सापडेपर्यंत जेवण सुचत नसे, आणि सापडली की ती खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवी. तिचे मार्गदर्शक होते तोताराम सर. नाव तोताराम, पण दिवसाकाठी दहा वाक्यं बोलतील तर शपथ. तिची टाळी ऐकली की ते मान वर करत, म्हणत, "मिळालं?" आणि पुन्हा मान खाली घालत.

तिनं धरलेला प्रश्न होता केळीचा. यावलकडचा केळीपट्टा तुम्हाला ठाऊकच असेल. बाग तयार झाली की घड कापायला फार दिवस थांबता येत नाही. पण कापणारी टोळी मोजकी, ट्रक मोजके, आणि बागा शेकड्यांनी. कोणाची बाग आज कापायची नि कोणाची उद्या, हे ज्याच्या हातात तो राजा. ओळखीपाळखीवाल्यांचे घड वेळेवर निघायचे, बाकीच्यांचे झाडावर पिवळे होऊन खाली पडायचे. शशिकलाचं म्हणणं असं, की बागा, टोळ्या, ट्रक, रस्ते ही सगळी माहिती यंत्राला द्यायची, आणि कमीत कमी माल वाया जाईल असा कापणीचा क्रम त्यालाच लावायला सांगायचा. ऐकायला सोपं आहे. पण नुसत्या तीस बागा घेतल्या तरी त्यांचे क्रम एवढे होतात, की एकेक तपासत बसलं तर यंत्राची आणि आपली दोघांची हयात संपावी. त्यातून वाट काढायची, हे तिचं संशोधन.

आता माहिती आणायची कुठून? पहिल्यांदा ती एकटीच तापी ओलांडून यावलला गेली. बांधावर उभी राहून विचारायला लागली, "तुमची बाग केव्हा तयार होणार? घड किती?" एकानंही खरं सांगितलं नाही. का सांगावं? ही व्यापाऱ्याची माणूस असली आणि माल घाईला आलाय हे कळलं, तर भाव पाडतील की! हिरमुसून परत आली. वच्छलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी धुवट लुगडं नेसून तयार.

"चाल. तिकडं माहं माहेर आहे. मले कोण खोटं सांगते ते पाहू."

मग दोन उन्हाळे दोघी सासूसुना केळीच्या बागांतून हिंडल्या. वच्छलाबाई आधी बांधावर बसणार, पाणी मागणार, कोणाच्या लेकीचं कुठं जमलं ते विचारणार, आणि मग म्हणणार, "हं, आता माह्या सुनेले सांग बरं तुह्या बागेचं." त्यांचे भाऊ अभिमन नानाही तिथलेच, पण त्यांची गरज क्वचितच पडली. लोक भडाभडा सांगायचे. शशिकला लिहून घ्यायची आणि धुळ्याला जाऊन सगळं फ्लॉपीवर भरायची.

फ्लॉपी म्हणजे काय, हे आता सांगावं लागेल. पातळ, काळी, पंजाएवढी चौकोनी वस्तू. बाहेरून जाड पाकीट, आत कागदासारखी लवलवीत गोल चकती. पाकिटाला एक लांबट खिडकी असते, आणि तिच्यातून चकतीचा चकचकीत तुकडा दिसतो. यंत्र वाचतं ते त्या खिडकीतूनच. तिथं बोटसुद्धा लावायचं नाही, अशी सरांची सक्त ताकीद. दुसरी ताकीद अशी, की प्रत्येक फ्लॉपीची नक्कल करून ती वेगळ्या घरी ठेवायची. शशिकलानं नकला केल्या होत्या हो! पण वेगळं घर आणायचं कुठून, म्हणून मूळ फ्लॉप्या नि नकला दोन्ही एकाच बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या. एवढी हुशार बाई, पण इथं तिचं डोकं चाललं नाही, हे म्हटलंच पाहिजे. त्यात सप्टेंबरात केंद्रातल्या यंत्रांना कुठूनसा व्हायरस लागला आणि सरांना सगळी यंत्रं पुसून कोरी करावी लागली. म्हणजे दोन वर्षांची मेहनत आता फक्त त्या डब्यात होती.

प्रबंध छापून, बांधून गेला होता. दसऱ्यानंतरच्या सोमवारी मुंबईचे परीक्षक धुळ्याला येणार, त्यांच्यापुढं प्रोग्रॅम चालवायचा, की झालं. आणि नाही चालला तर? नाव नोंदवल्याची मुदत दिवाळीला संपत होती. परीक्षक काही पुन्हा लगेच येणार नव्हते. मुदत संपली की नाव बाद, पदवी गेली, आणि कॉलेजातली नोकरी कायम होण्याची आशाही गेली. शशिकलाला त्याची भीती वाटत नव्हती. तिला सोमवार कधी येतो असं झालं होतं. भाजी निवडतानाही ती परीक्षकांना काय काय दाखवायचं ते मोठ्यानं बोलून बघायची.

खंडेनवमीच्या सकाळी ती झेंडूची फुलं आणायला बाजारात गेली. घरी वच्छलाबाईंनी पाट मांडला. खंडेनवमीला आपापल्या हत्यारांची पूजा करायची. पाटावर भाईदासची तिकिटांची पेटी आली, पंच आला, विळी आली, कातर आली. वच्छलाबाई मागं सरून बघतात तर त्यांना चुटपुट लागली. पोराच्या पंचाला दरसाल हळदकुंकू मिळतं, आणि सून एवढी शिकते, तिच्या हत्याराला काही नाही? तिला काय वाटत असेल? त्यांनी भाईदासला विचारलं, "शशीचं हत्यार कोणतं रे?"

भाईदास आरशापुढं दाढी करत होता. साबणाच्या तोंडानं म्हणाला, "तो डबा."

झालं. शशिकला फुलं घेऊन आली तेव्हा वच्छलाबाई हसऱ्या चेहऱ्यानं दारातच उभ्या होत्या. "ये, पाह्य. औंदा तुह्या हत्यारायचीबी पूजा केली."

शशिकलानं पाहिलं. चौदाच्या चौदा फ्लॉप्या कागदी खोळीतून काढून ओळीनं मांडलेल्या. देवाला का कोणी खोळीत ठेवून पूजतं? आणि एवढ्या काळ्याभोर वस्तूवर कुंकू लावायचं कुठं, तर ती खिडकी बरोबर कपाळासारखी दिसली. म्हणून प्रत्येकीच्या खिडकीत, त्या चकचकीत तुकड्यावर, पाण्यात कालवलेलं हळदकुंकू ठसठशीत लावलेलं. वर अक्षता.

फुलांची पिशवी तिच्या हातातून सुटली. "आत्याबाई! अहो, हे काय करून ठेवलंत!"

ती अशी ओरडली, की भाईदास अर्ध्या दाढीनं बाहेर आला. वच्छलाबाईंना काही समजेना. शशिकला मटकन खाली बसली आणि रडत रडत सांगायला लागली, की आपण दोघी हिंडलो ते सगळं यात आहे, सगळा प्रोग्रॅम यात आहे, यंत्र याच खिडकीतून वाचतं, आता सोमवारी मी काय दाखवू? वच्छलाबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्या एकदा पाटाकडे बघत, एकदा आपल्या लाल झालेल्या बोटाकडे.

"बठ्ठं गेलं का व?" त्यांनी अगदी लहान आवाजात विचारलं.

सगळं गेलं की काही उरलं, हे शशिकलालाच ठाऊक नव्हतं. ती उठली, डोळे पुसले आणि नाक्यावरच्या एस.टी.डी. बूथकडे निघाली. म्हणजे पळतच सुटली.

"सर, माझ्या फ्लॉप्यांना कुंकू लागलं."

सरांनी तिला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग, "कोणी लावलं?"

"सासूबाईंनी. खंडेनवमी आहे ना."

"नकला?"

"त्यांनासुद्धा. एकाच डब्यात होत्या."

सर रागावले नाहीत. म्हणाले, "धुऊन काढ."

आधीच ही कावलेली. तिला वाटलं, सर टोमणा मारतात. "सर, चेष्टा नका करू हो! माझा जीव जायची वेळ आलीय!"

आणि मग तोताराम सर बोलले. जन्मात एका दमात इतकं बोलले नसतील. म्हणाले, चकतीवर शाईनं लिहिलेलं नसतं, चुंबकानं लिहिलेलं असतं. कुंकवानं ते पुसत नाही. पण ती पूड यंत्रात गेली तर चकती ओरबाडली जाईल, तेव्हा तशी घालू नको. पाकिटाची कड ब्लेडनं काप, चकती बाहेर काढ, बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात धू, सावलीत वाळव. चोळू नको. वरची बाजू वरच राहू दे. इकडं आण, नव्या पाकिटात घालून आपण वाचून बघू. "घाबरू नको," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बूथवाल्याला पैसे देऊन शशिकला उरलेले सुट्टे घ्यायलाही थांबली नाही. वाचेल! वाचू शकेल! ती वाटेतच फारुखभाईंच्या बॅटरीच्या दुकानात घुसली. "फारुखभाई, बॅटरीचं पाणी द्या. सगळं द्या!"

"भाभी, ट्रक घेतला की काय?" फारुखभाई म्हणाले, पण तिचं तोंड बघून त्यांनी पुढं काही विचारलं नाही. कॅन उचलून स्वतःच तिच्या मागोमाग निघाले.

घरी आली तर दुसरंच. पाटापाशी भाईदास उभा, हात मागे. खंडेनवमीला पूजलेली हत्यारं दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत हलवायची नाहीत, हा त्यांच्याकडचा नेम. वच्छलाबाईंनी तो आयुष्यात कधी मोडला नव्हता. एका वर्षी भाईदासनं ड्यूटीला जाताना पंच उचलला, तर त्या आठ दिवस त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. कुंकू अजून ओलं होतं. उद्यापर्यंत वाळून चिकटलं, तर मग काही खरं नव्हतं. शशिकला दारातच थांबली. सासूला दुखवायचं की आपलं काम बुडवायचं, यांतलं काय करू, असं तिला झालं.

"आत्याबाई, सर म्हणतात धुऊन निघेल. पण आत्ता उचलायला हव्यात."

वच्छलाबाईंनी विचारसुद्धा केला नाही. पाटापुढं बसल्या, हात जोडले. "माय, तुह्या नावानं मीच चुकली. जे काय असन ते माह्यावर. पोरीचं काम अडवू नको." अक्षता टाकल्या, पाट आपल्या हातानं हलवला, आणि उठून दूर भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. "घे. मी आता हात लावत नाही."

मग त्या ओसरीवर जे चाललं ते बघायला अर्धी गल्ली जमली. स्टीलच्या परातीत बॅटरीचं पाणी. भाईदास अर्धी दाढी तशीच ठेवून ब्लेडनं पाकिटं कापतोय. शशिकला दोन बोटांच्या टोकांवर चकती धरून पाण्यात बुडवतेय, हलवतेय, लाल पाणी ओतून नवं घेतेय. चकत्या जुन्या मऊ धोतरावर सावलीत मांडलेल्या, आणि कोणती कुठली हे शेजारी खडूनं लिहिलेलं. फारुखभाई पोरांना दमात घेत होते, "ए, धूळ उडवू नका रे!" कुंदाबाईंनी मान डोलावून सगळ्यांना सांगून टाकलं, की हेच ते संशोधन.

"निघतंय हो! निघतंय!" शशिकला ओरडत होती. तिचा आवाज पुन्हा चढला होता. भाईदासही हसायला लागला. फक्त वच्छलाबाई भिंतीशी उभ्या होत्या, पदरात हात गुंडाळून.

दसऱ्याच्या सकाळच्या गाडीनं चकत्या धुळ्याला गेल्या, एकेक स्वच्छ फडक्यात. सरांनी सुट्टी असून केंद्र उघडलं होतं. नव्या पाकिटात पहिली चकती सरकवली. यंत्र कुरकुरलं. पडद्यावर नावं उमटली, तिच्या सगळ्या फाइलींची नावं!

पण थोडं पुढं गेलं आणि यंत्र अडलं. वाचता येत नाही, म्हणालं. कुंकू जिथं दाबून लागलं होतं, अक्षता घासल्या होत्या, तिथले तुकडे काही केल्या वाचले जाईनात. दुसरी चकती तशीच, तिसरीही तशीच. प्रत्येकीत कुठंतरी भोक पडलेलं. आणि प्रोग्रॅममधली एक ओळ जरी गेली तरी तो चालायचा नाही. शशिकला खुर्चीत मागं रेलली. सर खिडकीबाहेर बघत होते.

मग ती एकदम ताठ झाली. "सर! ही चकती आत फिरते ना? थांबते ती कुठंही थांबते!"

"हो. मग?"

"मग खिडकीत दरवेळी वेगळाच तुकडा येणार! आत्याबाईंनी मूळ फ्लॉपीला कुंकू लावलं ते एका जागी, आणि नकलेला लावलं ते दुसऱ्या जागी! जे इथं गेलं, ते तिथं आहे!"

तोताराम सरांचे डोळे चमकले. एकाच पोथीच्या दोन प्रती असाव्यात, एकीची ही पानं कसरीनं खाल्लेली, दुसरीची ती, तसंच झालं होतं. दोन्ही मिळून पोथी पुरी. पण जुळवायची कशी? हातानं करायला महिना लागला असता. शशिकलानं कागद ओढला आणि तिथल्या तिथं नवा प्रोग्रॅम लिहायला बसली. चकतीवरचा एकेक तुकडा मूळ प्रतीतून उचल, नाही आला तर नकलेतून उचल, दोन्हींतून नाही आला तर मला सांग. लिहायला दुपार गेली. दोनदा चुकला, दोनदा दुरुस्त केला. आणि तिसऱ्यांदा चालला!

तुकडे भरत चालले. सर उभे राहून बघत होते. सातव्या जोडीचा शेवटचा तुकडा आला आणि शशिकला खुर्चीतून उठून नाचायलाच लागली. माहेरची अहिराणी तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडली. "सापडी गयं! सर, बठ्ठं सापडी गयं!"

"मिळालं," सर म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी स्वतः टाळी वाजवली. मग नकला काढल्या, आणि एक संच सरांनी तिला न विचारता आपल्या घरी नेला.

सोमवारी वच्छलाबाईही धुळ्याला आल्या. सगळं सापडलं, हे शशिकलानं घरी येताच त्यांना गळ्यात पडून सांगितलं होतं, पण त्यांचा विश्वास बसला नव्हता. आपल्याला बरं वाटावं म्हणून सून खोटं बोलते, असंच त्यांनी धरलं होतं. केंद्राबाहेर चपलांच्या शेजारी त्या बसून राहिल्या. भाईदासनं आत चला म्हटलं, तर म्हणाल्या, "नको रे बाप्पा. एकदा झालं तेवढं पुरे."

मुंबईचे परीक्षक कडक. प्रबंधात जागोजागी खुणा करून आणलेल्या. दीड तास त्यांनी शशिकलाला असं काही पिंजून काढलं, की दुसरी असती तर पाणी मागितलं असतं. हिला उलट जोर चढत गेला. ते एक विचारत, ही तीन सांगे. मग त्यांनी नेमकं दुखतं तिथं बोट ठेवलं.

"हे सगळं तुम्ही शेतकऱ्यांनी सांगितलेल्या माहितीवर उभं केलंत. त्यांनी तुम्हाला खरंच सांगितलं, हे कशावरून? मी शेतकरी असतो तर सांगितलं नसतं."

"मला नाहीच सांगितलं, सर," शशिकला म्हणाली. "मला सगळ्यांनी खोटं सांगितलं. माझ्या सासूबाईंना खरं सांगितलं. दोन उन्हाळे त्या प्रत्येक बागेत माझ्याबरोबर होत्या. मागून कापणी झाली तेव्हा आकडे ताडून पाहिलेत, ते परिशिष्टात आहेत."

परीक्षकांनी परिशिष्ट उघडलं, बराच वेळ वाचलं. "कुठं असतात तुमच्या सासूबाई?"

"दाराबाहेर बसल्यात."

"मग बाहेर का? बोलवा त्यांना."

शशिकला बाहेर गेली. वच्छलाबाई तिला बघून घाईघाईनं उठल्या. "काय झालं? बंद पडलं का?"

"काही बंद पडलं नाही. तुम्हाला आत बोलावलंय."

"मी नाही येत. माह्या हाताले..." डोळे भरून आले. "दोन वर्सं तू खपली, आन् म्या एका घडीत..."

"आत्याबाई, तुम्ही नसता तर त्या फ्लॉपीवर भरायला काही नसतंच. चला!" म्हणून तिनं त्यांचा हात धरला आणि अक्षरशः ओढत आत नेलं. परीक्षक त्यांना बघून उभे राहिले. वच्छलाबाईंनी पदर सावरला.

"आता चालवून दाखवा," परीक्षक शशिकलाला म्हणाले. "समजा, आज ठरलेल्यातले तीन ट्रक आलेच नाहीत. मग कोणाची बाग आधी कापाल?"

शशिकलानं तेवढं यंत्रात भरलं. आता एकच कळ दाबायची राहिली. ती खुर्चीतून उठली आणि खांद्यांना धरून तिनं वच्छलाबाईंना तिथं बसवलं. "ही दाबा."

"नको व, नको!"

"दाबा. तुमच्याच बागा आहेत."

वच्छलाबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले, बोट पुढं केलं आणि कळ दाबली.

काहीच झालं नाही. पडदा काळाच. वच्छलाबाईंनी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. "मोडलं! पाह्य, मोडलं ना!"

"मोडलं नाही. विचार करतंय," शशिकला म्हणाली, आणि त्यांचा हात आपल्या हातात धरून ठेवला. यंत्र आतल्या आत घरघरत राहिलं. परीक्षक पुढं वाकले.

आणि धडाधडा ओळी उतरायला लागल्या. गाव, बाग, टोळी, ट्रक, एकाखाली एक, सबंध पडदा भरून. अक्षरं इंग्रजी, वच्छलाबाईंना वाचता येईना. शशिकला बोट ठेवून त्यांना सांगायला लागली, "ही साकळी गावची, विहिरीजवळची. ही त्या म्हातारीची, जिनं आपल्याला ताक दिलं. तीन ट्रक आले नाहीत म्हणून यंत्रानं हिला वर घेतलंय, नाहीतर हिचे घड पडले असते."

"तिचे नाही पडणार?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"नाही पडणार."

परीक्षकांनी यादी खालपर्यंत पाहिली, पुन्हा वरून पाहिली. मग पेन काढलं, कागदावर सही केली आणि शशिकलाला म्हणाले, "अभिनंदन. काम उत्तम आहे." भाईदास दारातूनच शिट्टी वाजवणार होता, सरांनी त्याच्याकडे बघितलं म्हणून थांबला. शशिकला हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम.

वच्छलाबाई मात्र खुर्चीतून उठल्या नव्हत्या. त्या पडद्याकडे बघत होत्या. मग त्यांनी मुंबईच्या साहेबांकडे मान वळवली.

"साहेब, अजून एकदा दाबू का?"

"दाबा की!" साहेब म्हणाले.

आणि या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत.